बाथरूमच्या जाळीतून वास: ट्रॅप सुकलाय की ट्रॅपमध्ये गाळ साचलाय?

जाळीतून वास यायला लागला की बहुतेक घरांत अ‍ॅसिडची बाटली उघडते, नाहीतर जाळीवर दोन डांबरगोळ्या पडतात. वास नेमका कुठून येतोय, हे बघायला कोणी वाकत नाही. खरं तर त्याची दोन मुख्य कारणं आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्याच्या वाकलेल्या भागात पाणी थांबून राहतं. चांगल्या ट्रॅपमध्ये वायू अडवणारी ही पाण्याची उंची साधारण ५० मिमी असते. पलीकडे ड्रेनेजची लाइन, अलीकडे आपलं बाथरूम, मध्ये आडवं फक्त हे पाणी. ते आटलं की लाइनमधला वायू थेट घरात येतो. हा सुकलेला ट्रॅप. दुसऱ्या प्रकारात पाणी जागेवर असतं आणि लाइनचा वायूही अडतो, पण ट्रॅपच्या आतल्या बाजूला केस, साबण, अंगाचा मळ आणि डोक्याचं तेल यांचा बुळबुळीत थर बसतो. तोच कुजतो आणि त्याचाच वास येतो.

लोक फसतात ते इथे. सुकलेल्या ट्रॅपमध्ये अ‍ॅसिड ओतून वर दोन तांबे पाणी टाकलं की वास जातो. श्रेय अ‍ॅसिडला मिळतं, काम केलेलं असतं पाण्याने. मग गाळाच्या ट्रॅपमध्येही तेच केलं जातं. वास तात्पुरता दबतो आणि परत येतो, कारण चिकटलेला थर बराचसा तिथेच असतो. अ‍ॅसिडने टाइल्सच्या फटींमधलं सिमेंट मात्र खाल्लं जातं.

म्हणून आधी जाळी उचला आणि मोबाइलचा टॉर्च मारा. पाणी चमकलं नाही तर ट्रॅप सुकलाय. नीट दिसत नसेल तर एक बादली पाणी हळूहळू ओता, दार लावून अर्धा तास थांबा. वास गेला आणि पुढचे काही दिवस आला नाही, तर पाणीच कमी होतं. काही तासांत परतला तर गाळ धरून चला. आणखी एक खूण एक्झॉस्ट फॅनची: खिडकी-दार बंद करून तो लावल्यावर वास वाढला, तर लाइनमधली हवा आत ओढली जात असण्याची शक्यता जास्त. गाळाचा वास फॅनने बहुधा कमी होतो. जाळीतून झुरळं वर येत असतील तर पाण्याचा अडसर गेलाय का ते तपासा; भिंतीवर बारीक, केसाळ पंखांच्या माश्या बसलेल्या दिसल्या तर गाळ शोधा, त्यांच्या अळ्या त्यातच वाढतात.

सुकलेल्या ट्रॅपला औषध लागत नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये आणि बाल्कनीच्या जाळीत आठवड्याला एक-दोन लिटर पाणी ओतलं की पुरतं. मे महिन्यात किंवा गणपतीला घर बंद करून गावी जाणार असाल, तर ट्रॅप भरून वर दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा तवंग बाष्पीभवन रोखतो. जुन्या इमारतींत जाळीखाली उलटी वाटी असलेले ट्रॅप असतात. त्यांत पाणी थोडंच राहतं, म्हणून ते लवकर सुकतात. पाणी हळू जातं म्हणून ती वाटी काढून टाकू नका. अशा ट्रॅपमध्ये वायू अडवते ती वाटीच.

गाळ मात्र हाताने काढावा लागतो, याला पर्याय नाही. रबरी हातमोजे घाला, जाळी आणि, असलीच तर, वाटी तेवढ्यापुरती काढा, टोक वाकवलेल्या तारेने केसांचा गुंता बाहेर ओढा आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. परत आत ढकललात तर पुढे जाऊन लाइन तुंबेल. मग बाटली धुण्याच्या लांब ब्रशने आतली बाजू घासा. जाळीची खालची बाजूही घासा, ती नेहमी राहून जाते. अर्धी बादली गरम पाण्यात चार चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ओता, वीस मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. पाणी उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला जोरदार असतो, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि तेलकट थर तसाच राहतो. घासायचं काम महिन्यातून एकदा करा.

ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, आधी एक आणि मागून दुसरं असंही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

ट्रॅप भरलेला आणि स्वच्छ असूनही वास येत असेल, तर बेसिनचा किंवा वॉशिंग मशीनचा पाइप जिथे जमिनीत किंवा भिंतीत शिरतो ती जागा हुंगा. तिथली मोकळी फट रबरी रिंग किंवा सिलिकॉनने बंद करा. आणि भरलेला ट्रॅप वरच्या मजल्यावर फ्लश झाल्यावर गुडगुडून रिकामा होत असेल, तर लाइनमधल्या ओढीने पाणी खेचलं जातंय. गच्चीवर गेलेल्या व्हेंट पाइपचं, म्हणजे लाइनला हवा पुरवणाऱ्या पाइपचं, तोंड घरट्याने किंवा झाकणाने बंद झालंय का, हे सोसायटीच्या प्लंबरला तपासायला सांगा.