आशय-विपणनातील कथाकथन

मालाची किंवा सेवेची थेट भलामण न करता ग्राहकाला उपयोगी अथवा रंजक वाटेल असा मजकूर, ध्वनिफीत वा चित्रफीत सातत्याने पुरवून त्याचा विश्वास मिळवण्याच्या पद्धतीला आशय-विपणन म्हणतात. व्यवहारात तिच्यासाठी ‘कंटेंट मार्केटिंग’ हा शब्द रूढ आहे. हा आशय पात्र, प्रसंग, अडचण आणि तिच्यातून काढलेली वाट अशा गोष्टीच्या अंगाने मांडला जातो, तेव्हा त्याला आशय-विपणनातील कथाकथन असे म्हणता येते. जाहिरातीतही लहानशी गोष्ट असतेच, परंतु ती मालापाशी येऊन संपते. येथे मात्र गोष्ट तिच्या स्वतःच्या गुणावर वाचली किंवा पाहिली जावी अशी अपेक्षा असते आणि माल तिच्या कडेला उभा असतो. माल आणि गोष्ट यांच्यात किती अंतर ठेवावे, हा या तंत्रातील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

संज्ञा अलीकडची असली तरी प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील जॉन डीअर या शेती-अवजारे बनवणाऱ्या कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले. १९३० नंतरच्या दशकात साबण उत्पादकांनी तेथे नभोवाणीवर कौटुंबिक मालिका प्रायोजित केल्या. अशा मालिकांना मिळालेले ‘सोप ऑपेरा’ हे नाव त्यातूनच आले.

मराठीत या प्रथेचे ठळक उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. अशी भीती नांगराचे वजन आणि किंमत छापून जात नाही. आपल्यासारख्याच कोणाचे तरी शेत त्या नांगराने पिकल्याचे कळावे लागते. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. तेथून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. सुरुवातीला कारखान्याची व त्याच्या उत्पादनांची माहिती देणाऱ्या या अंकात हळूहळू कथा, लेख आणि सामाजिक प्रश्नांवरील चर्चा येऊ लागली. पुढे नावातील ‘खबर’ गळून ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याच्या जोडीला ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके निघाली. नांगर कधीही विकत घेणार नाही अशा घरांतही ही मासिके वाचली गेली. विक्रीच्या हिशेबात हा विस्तार वाया गेलेला वाटेल. परंतु एका कारखानदाराचे आडनाव घरातल्या माणसासारखे परिचित होणे हे अशा दीर्घ कथनाचेच फळ मानावे लागते.

गोष्टीचा परिणाम कसा होतो, याविषयी मानसशास्त्रात पुष्कळ विचार झाला आहे. जेरोम ब्रूनर यांनी तर्काने पटवणारा आणि कथनातून अर्थ लावणारा असे विचाराचे दोन वेगळे प्रकार मानले. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये मांडलेल्या संशोधनानुसार वाचक गोष्टीत जितका रमतो, तितक्या त्याच्या धारणा गोष्टीशी जुळत्या होतात आणि तिच्यातील विसंगती त्याला कमी दिसतात. २००९ मध्ये अमेरिकेत रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन यांनी जुन्या बाजारातून सरासरी सव्वा डॉलरच्या सुमारे शंभर किरकोळ वस्तू घेतल्या, लेखकांकडून प्रत्येकीवर काल्पनिक कथा लिहवून घेतली आणि त्या ऑनलाइन लिलावात मांडल्या. सुमारे १२९ डॉलरचा तो माल ३,६०० डॉलरहून अधिक किमतीला गेला. कथा काल्पनिक असल्याचे ग्राहकांपासून लपवलेले नव्हते, ही बाब या प्रयोगात विशेष महत्त्वाची आहे.

भारतातील सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण म्हणजे श्याम बेनेगल दिग्दर्शित ‘मंथन’ (१९७६) हा चित्रपट. गुजरातमधील ‘अमूल’ नावाने दूध-लोणी विकणाऱ्या दूध सहकारी संघांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांतून तो तयार झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. गावात आलेला पशुवैद्य, खाजगी डेअरीचा मालक, दलित वस्तीचा अविश्वास आणि सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत उफाळणारी जातीची तेढ असा त्याचा विषय आहे. लोण्याच्या वेष्टनाला त्यात स्थान नाही आणि शेवटही सुखाचा म्हणावा असा नाही, कारण पशुवैद्याला काम अर्धवट सोडून गाव सोडावे लागते. ज्या संस्थेची ही गोष्ट, तिच्या अपयशाच्या शक्यताही पडद्यावर येऊ देण्याचे धैर्य दाखवल्यामुळेच तो खरा वाटला. पुढे सहकारी सोसायट्यांचा प्रसार करण्यासाठी त्याच्या प्रती गावोगाव दाखवल्या गेल्या.

इंटरनेटच्या काळात हे काम वेबमालिका, पॉडकास्ट आणि रील यांच्याकडे आले. ‘द व्हायरल फीव्हर’ या वेबमालिका बनवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये ‘पर्मनंट रूममेट्स’ ही मालिका घरे शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या प्रायोजकत्वावर केली. मात्र आशयाचा पुरवठा वाढला तशी साचेबद्धताही वाढली. संस्थापकाने शून्यातून उद्योग उभारल्याची गोष्ट इतक्यांनी सांगितली आहे की तिच्यात तपशील नसेल तर ती कोणाचीही वाटते. जाणते लेखक म्हणून उद्योगापेक्षा ग्राहकाला मुख्य पात्र करतात आणि त्याची अडचण त्याच्याच शब्दांत मांडतात.

माल कडेला गेला की गोष्टीचे पैसे कोणी दिले हे दिसेनासे होण्याचा धोका असतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रायोजित आशयावर तसे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या चित्रफितीत ही सूचना किमान तीन सेकंद दिसली पाहिजे, तर दोन मिनिटांहून मोठ्या चित्रफितीत ब्रँडचा किंवा त्याच्या गुणांचा उल्लेख असलेल्या संपूर्ण भागात ती राहिली पाहिजे. ज्या गोष्टीत ब्रँडचे नाव एकदाही येत नाही तिला हे माप पुरत नाही. ‘मंथन’ने मात्र गोष्ट सुरू होण्यापूर्वीच, गुजरातचे पाच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करीत आहेत, असे पडद्यावर सांगितले होते.