वीस मिनिटांची झोप

एकट्याने शिडाची नौका घेऊन महासागरातल्या शर्यतीत उतरायचं, तर शिडं, दोर, सुटे भाग, सुकं अन्न ही जमवाजमव आलीच. पण मला सगळ्यांत कठीण वाटते ती झोपेची तयारी.

'व्हाँदे ग्लोब' ही शर्यत १९८९ साली सुरू झाली. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचं, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून तिथेच परतायचं. सुकाणू बराच वेळ ऑटोपायलट सांभाळतो, पण नजर ठेवायला माणूस एकच.

समजा, समोरून मालवाहू जहाज ताशी २० सागरी मैलांनी येतंय आणि आपली नौका १० मैलांनी त्याच्याच दिशेने निघालीय. वीस मिनिटांत दोघांतलं अंतर १० सागरी मैलांनी, म्हणजे साडेअठरा किलोमीटरनी घटतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे उंच जहाजाचे दिवेसुद्धा साधारण तेवढ्यावरूनच दिसू लागतात. डोळा लागताना क्षितिज मोकळं होतं म्हणून तासभर निर्धास्त झोपता येत नाही! रडारचा भोंगा मदतीला असतो, पण पाण्यात जेमतेम वर डोकावणारा बर्फाचा तुकडा किंवा ओंडका त्याला दिसेलच असं नाही.

सुदैवाने छोटी डुलकी शरीरालाही मानवते. गाढ झोपेतून अचानक उठवलं की काही वेळ डोकं बधिर राहतं, दोराची गाठसुद्धा सुचत नाही. वीस मिनिटांत उठलं, तर बहुधा ती अवस्था येण्याआधीच जाग येते. फार थकल्यावर मात्र माणूस झटकन गाढ झोपेत बुडतो, म्हणून थकव्याची थकबाकी साचूच द्यायची नसते.

क्लॉडिओ स्टाम्पी या संशोधकाने एकट्याने जाणाऱ्या दर्यावर्दींच्या झोपेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. झोप कमी करत नेण्याची सवय लावण्यापेक्षा आपल्याला ती केव्हा सहज लागते हे ओळखणं मोलाचं. पहाटे आणि दुपारी बहुतेकांना पेंग येते. रोजच्या झोपायच्या वेळेआधीचे दोन-तीन तास मात्र डोळा लागता लागत नाही. तेव्हा शिडांची कामं उरकायची.

हे किनाऱ्यावर पुरतं शिकता येत नाही. साडेसहा मीटरच्या नौकांच्या 'मिनी ट्रान्सॅट' शर्यतीत उतरण्याआधी एकट्याने, न थांबता १००० सागरी मैल जावं लागतं. त्या सरावात कानही तयार होतो: लाटांचा धडाका चालू असताना झोप मोडत नाही, पण एखादा दोर वेगळ्याच सुरात फडफडू लागला की भोंगा वाजण्याआधीच डोळे उघडतात.