वणव्यानंतर संस्थेची मदत आणि विधी सेवेची मदत: दोन्ही फुकट, पण कामं वेगळी

फेब्रुवारी संपत आला की पुण्याभोवतीचे डोंगर पेटायला लागतात, मुळशी, वेल्हे, भोर, मावळ, अगदी शहरातली तळजाईसुद्धा, आणि कुणाचा तरी गोठा नाहीतर आंब्याची कलमं जातातच. मग ग्रुपवर मेसेज पडतो की "कुणाला एखादी एनजीओ माहितीये का, भरपाईसाठी केस टाकायचीये". त्याखाली लगेच तीन-चार नंबर येतात, तेही सगळे एकाच माळेत ओवलेले, म्हणजे छपराचे पत्रे वाटणारी संस्था, कुठलं तरी फाउंडेशन, कोर्टातली फ्री लीगल एड. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत म्हणून लोकांना ते एकच वाटतं, पण ते एक नाहीये.

संस्थेची मदत म्हणजे शिधा, चादरी, भांडी, पोरांची वह्यापुस्तकं, जमलं तर पत्रे आणि बांबू. ती पटकन येते, कधी कधी सरकारी माणूस पोचायच्या आधी येते, आणि याबाबतीत संस्थांना मानलंच पाहिजे. पण पैसा देणगीदारांचा असतो, त्यामुळे कोणाला द्यायचं, किती द्यायचं हे त्या ठरवतात. शेजारच्याला मिळालं आणि तुम्हाला नाही मिळालं तर दाद मागायला जागा नाही. संस्था नोंदणीकृत आहे की नाही ते मात्र धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर बघता येतं, आणि मदत देतो म्हणून कोणी आधी "रजिस्ट्रेशन फी" मागितली तर तिथूनच परत फिरा.

विधी सेवा, म्हणजे तीच कोर्टातली फ्री लीगल एड, हा सरळ कायद्याने दिलेला हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, त्याच्या कलम 12 मध्ये कोणाला फुकट वकील मिळतो ते दिलंय. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि मोठ्या आपत्तीत सापडलेले लोक त्यात येतात, आणि यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टात आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, फोन करायचा तर 15100. वकील, कोर्ट फी, ड्राफ्टिंग, टायपिंग सगळं त्यात येतं. पण इथे चादर मिळणार नाही आणि हातात रोख पैसेही मिळणार नाहीत, आणि वेळ लागतो, चांगलाच लागतो. लॉ कॉलेजांची लीगल एड सेंटरं असतात, आयएलएसचं आहे, अर्ज लिहून घ्यायला आणि कुठे जायचं ते विचारायला ती बरी पडतात.

आता खरी गोची सांगते. दोन्ही मदती चांगल्या, पण एकमेकींच्या आड येतात. संस्थेच्या पोरांना जागा साफ करून लवकरात लवकर शेड उभी करायची असते, आणि वकिलाला हवी असते तीच राख, तेच वाकलेले पत्रे, तेच काळे पडलेले वासे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी (पण तलाठीच म्हणतात सगळे), पंचनाम्याला आले आणि समोर चकचकीत नवा पत्रा असला तर ते नुकसान काय लिहिणार? म्हणून आधी फोटो, व्हिडिओ, मग पंचनामा, मग साफसफाई. आणि पंचनाम्याची कॉपी मागून घ्या. सही करायच्या आधी वाचा, "किरकोळ नुकसान" असं लिहिलेलं असेल तर तिथेच बोला, नंतर ते दोन शब्द खोडायला महिने जातात.

जनावर मेलं तर अजून काळजी घ्यायची. मेलेली म्हैस दारात किती वेळ ठेवणार, वास येतो, पोरंबाळं असतात, कुणीतरी जेसीबी आणतो आणि पुरून मोकळे होतात. पण भरपाईच्या फाइलला पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल लागतो, आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर दिसेल असा फोटो असला की तुमचंच जनावर होतं हे सिद्ध करायला सोपं जातं. केंद्राच्या 2022-26 च्या आपत्ती निकषांत दुभत्या गायी-म्हशीमागे 37,500 रुपये आणि शेळीमागे 4,000 होते. म्हैस बाजारात केवढ्याला मिळते ते सगळ्यांना माहितीये, पण तेवढेही कागद नाही म्हणून हातचे जाऊ द्यायचे का?

तहसीलमध्ये भरपाईचा अर्ज अडकला किंवा नाकारला, तर तिथे विधी सेवेचा वकील कामाला येतो, संस्थेचा कार्यकर्ता फार तर सोबत येईल. तसंच आग लोंबकळत्या विजेच्या तारांच्या ठिणगीने लागली असेल तर विद्युत निरीक्षकाची चौकशी, वीज कंपनीला नोटीस, भरपाईचा दावा, हे सगळं वकिलाचंच काम. आणि विमा असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे आणि तिथे वकील चालतच नाही, स्वतःच बोलायचं.

एक माणूस मात्र यात मध्येच उगवतो, तो ना संस्थेचा ना विधी सेवेचा. "साहेब, एक रुपया देऊ नका, भरपाई मिळाली की वीस टक्के द्या." तोही फुकटच वाटतो ना! आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवताच येत नाही, आणि घरी येऊन काम मागताही येत नाही. त्यामुळे असा कोणी कोऱ्या वकालतनाम्यावर सही मागत असेल तर चहा पाजा हवं तर, सही देऊ नका.

ज्यांची पोरं कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी हेच इथून फोनवर सांगायला जाऊ नये, तिकडे गणित उलटं आहे. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगी लागल्या, तिथे टक्केवारीवर केस घेणारे वकील कायदेशीर आहेत, आणि फुकट वकील बऱ्याचदा ना-नफा लीगल एड संस्थाच देतात, म्हणजे आपल्याकडे जे दोन वेगळे दरवाजे आहेत ते तिकडे कधी कधी एकच असतात. मात्र केस घेणाऱ्या वकिलांच्या फर्मची वेबसाइटसुद्धा मदत केंद्रासारखी दिसू शकते, म्हणून फी कशी घेणार ते लेखी विचारायचं. शिवाय विम्यातून किंवा गोफंडमीसारख्या ऑनलाइन वर्गणीच्या ठिकाणाहून त्याच कारणासाठी पैसे मिळाले असतील तर फेमा (अमेरिकेच्या केंद्र सरकारची आपत्ती मदत संस्था) त्याच खर्चाला दुसऱ्यांदा पैसे देत नाही, त्यामुळे कशासाठी किती आले ते लिहून ठेवायचं. आणि फेमाने अर्ज नाकारला तर पत्रावरच्या तारखेपासून 60 दिवसांत अपील करायचं, नकाराचं पत्र आलं म्हणून फाइल बंद करून टाकायची नाही.