चिमट्याखालचे मूत्रपिंड: एका प्रयोगाची पार्श्वभूमी

भातलावणीच्या दिवसांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातील रुग्णालयांत लेप्टोस्पायरोसिसचे आणि फुरसे चावलेले रुग्ण येतात, तेव्हा त्यांतील काहींची लघवी कमी होते आणि डॉक्टरांचे लक्ष क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंड मंदावले की रक्तात साचणाऱ्या टाकाऊ पदार्थावर, खिळते. अशा मूत्रपिंडात काय घडत असावे, याचे बरेचसे ज्ञान एका साध्या प्रयोगातून आले आहे. भूल दिलेल्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांना चिमटा लावायचा, साधारण अर्ध्या तासाने तो काढायचा आणि पुढे काय होते ते पाहायचे.

चिमट्याचे मूळ मात्र निराळ्याच प्रश्नात आहे. १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने अंशतः आवळली, ती उच्च रक्तदाबाचा उगम शोधण्यासाठी. मूत्रपिंड अचानक निकामी होण्याकडे लक्ष वेधले ते युद्धाने. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्यांची मूत्रपिंडे नंतर बंद पडतात, हे बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये नोंदवले. दहा वर्षांनी जीन ऑलिव्हर यांनी मूत्रनलिका एकेक सुटी करून दाखवले की विष ठरावीक भागावर घाव घालते, तर रक्तपुरवठा तुटल्याची इजा नलिकेवर जागोजागी विखुरलेली असते.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, तरी त्यांच्या आतल्या भागाला प्राणवायू जेमतेमच मिळतो; पावसाने झोडपलेल्या कोकणात वैशाखात कातळावरच्या विहिरी आटाव्यात, तसेच हे. त्यामुळे पुरवठा तुटला की त्या भागातील सरळ नलिका आधी मरतात, आणि चिमटा काढल्यावर परतणारे रक्तही दाह वाढवून नुकसानीत भर घालते.

प्रयोग दिसतो तितका सोपा नाही. उंदराचे तापमान एक-दोन अंशांनी घसरले तरी इजा सौम्य होते, आणि माद्या नरांपेक्षा ती अधिक सोसतात. तरीही लघवीतील केआयएम-१ (१९९८) आणि एनजीएएल (२००३) ही इजेचा संकेत देणारी प्रथिने याच वाटेने हाती आली.

माझ्या मते खरी उणीव प्रयोगाच्या स्वच्छपणात आहे. तरुण, निरोगी उंदराचा पुरवठा एका क्षणी पूर्ण थांबतो. शेतातून आलेल्या माणसात मात्र जंतू किंवा विष, उलट्यांनी आलेला कोरडेपणा आणि घसरलेला रक्तदाब एकत्र काम करतात, आणि रक्त क्वचितच पूर्ण थांबते. २०१५ पासून मानवी मूलपेशींपासून वाढवलेली इवली मूत्रपिंडे उपलब्ध असली, तरी बशीतल्या त्या पेशींतून रक्त वाहत नाही. म्हणून चिमटा टिकून आहे. हल्ली काही प्रयोगांत तो एकाच बाजूला लावतात. दुसरे मूत्रपिंड उंदराला जगवते आणि इजा झालेल्यात आठवडोन्‌आठवडे व्रण कसा वाढत जातो, ते पाहता येते.