राखीव फळी (अमेरिकी महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल)

सामन्याला सुरुवात करणाऱ्या पाच जणींखेरीज ज्यांना कोर्टवर उतरवले तरी संघाचा खेळ खालावत नाही, अशा खेळाडूंच्या समूहाला राखीव फळी म्हणतात. बोलण्यात तिला नुसते ‘बेंच’ म्हटले जाते. सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांचा असल्याने पाच जागांची मिळून २०० मिनिटे प्रशिक्षकाला वाटून द्यायची असतात. खेळ थांबला की कितीही वेळा खेळाडू बदलता येतात, परंतु पाच फाउल झालेली खेळाडू पुन्हा खेळू शकत नाही, आणि लवकर दोन फाउल पडलेल्या प्रमुख खेळाडूलाही बहुधा बसवूनच ठेवावे लागते. संघात पंधरा जणी असल्या तरी अटीतटीच्या सामन्यात अनेक प्रशिक्षकांची भिस्त सात-आठ जणींवरच असते.

राखीव खेळाडूंचे गुण वेगळे मोजण्याची पद्धत असली, तरी तो आकडा फसवा ठरू शकतो. मोठी आघाडी मिळाल्यावर उतरलेल्या खेळाडूंचे गुणही त्यात धरले जातात. खरी कसोटी सामना हातातून निसटत असताना लागते. ७ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलँड येथील महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आयोवा विद्यापीठाच्या संघाने पहिले दहा गुण सलग मिळवले आणि त्या संघाच्या केटलिन क्लार्कने पहिल्याच सत्रात १८ गुण केले. तरीही प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलिना संघाने ८७-७५ असा विजय मिळवून ३८ सामन्यांचा हंगाम अपराजित राहून संपवला. त्या सामन्यात साउथ कॅरोलिनाच्या राखीव खेळाडूंनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव खेळाडूंना एकही गुण मिळाला नाही. पहिल्या वर्षाच्या टेसा जॉन्सनचे एकटीचे १९ गुण होते. आदल्या हंगामातील सुरुवातीच्या पाचही जणी संघाबाहेर पडल्या असताना हे घडले, कारण त्यांच्यामागे बसणारी कमिला कार्डोसो तोवर तयार झाली होती. अंतिम फेरीची सर्वोत्कृष्ट खेळाडू तीच ठरली.

त्याच स्पर्धेच्या २०२३ च्या अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटची एंजल रीस फाउलमुळे बाहेर बसली असताना राखीव जॅस्मिन कार्सनने २२ गुण केले, त्यांपैकी २१ पहिल्या अर्धातच. आयोवाचा १०२-८५ असा पराभव झाला.

फळी रोडावली तर मातब्बर संघही अडचणीत येतो. जानेवारी २०२३ मध्ये कनेटिकटकडे बिग ईस्ट परिषदेच्या (आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) नियमाप्रमाणे लागणाऱ्या सात शिष्यवृत्तीधारक खेळाडूही तंदुरुस्त नव्हत्या, म्हणून डीपॉलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. वर्षभराने टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला दुखापतींपायी दोन सामने सोडून द्यावे लागले आणि विद्यापीठातल्या विद्यार्थिनींची खुली निवड चाचणी घेऊन संघ उभा करावा लागला.

फळी जमवण्यापेक्षा ती टिकवणे अधिक जिकिरीचे आहे. विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर न खेळता थांबण्याची अट २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती शिथिल झाली आणि २०२४ मध्ये पुढच्या बदलांसाठीही निघाली. त्यामुळे बाकावर बसलेल्या गुणी खेळाडूला दुसरे दार कायम उघडे असते. माइलेशिया फुलवाइली साउथ कॅरोलिनात बहुतांशी राखीव म्हणूनच उतरत असे, तरी २०२४ च्या एसईसी (साउथईस्टर्न) परिषदेच्या स्पर्धेत तीच सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली होती. दोन हंगामांनंतर, २०२५ मध्ये, ती त्याच परिषदेतील प्रतिस्पर्धी लुइझियाना स्टेटकडे गेली.