ओपनशिफ्ट रूटला दारातच का अडवतं

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची साधी इमेज लॅपटॉपवर डॉकरमध्ये, म्हणजे ॲप कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, बिनबोभाट चालते. तीच ओपनशिफ्टवर, म्हणजे रेड हॅटच्या कंटेनर चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर, टाकली की पॉड (कंटेनर ज्यात चालतो तो घटक) उठतो, पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. लॉग उघडला तर एकच रड: कॅशची डिरेक्टरी बनवता येत नाही, परमिशन डिनाइड. नव्या टीमचे पहिले काही दिवस बहुधा इथेच खर्ची पडतात आणि कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘कुबरनेटीसवर तर चालत होतं की!’ त्यात खोटं काही नाही. नुसतं कुबरनेटीस, म्हणजे ओपनशिफ्टच्या पायाशी असलेलं कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर, कंटेनरला रूट (मशीनवरचा सर्वाधिकारी युजर) म्हणून चालायला आपणहून हरकत घेत नाही. ओपनशिफ्ट घेतं, आणि त्याचं कारण कुबरनेटीसच्या जन्माच्या आधीचं आहे.

2010च्या अखेरीस रेड हॅटनं मकारा नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि मे 2011मध्ये ओपनशिफ्ट जाहीर केलं. ‘कोड तुम्ही द्या, सर्व्हर आम्ही बघतो’ असं सांगणाऱ्यांचा तो काळ. गूगलचं ॲप इंजिन 2008पासून होतं, हेरोकू नुकतंच सेल्सफोर्सच्या ताब्यात गेलं होतं, व्हीएमवेअरचं क्लाउड फाउंड्री महिनाभर आधी आलं होतं. ओपनशिफ्टमध्ये ॲप्लिकेशन ज्या कप्प्यात चालायचं त्याला ‘गिअर’ म्हणत. पीएचपी, जेबॉस, मायएसक्यूएल हवं असेल तर त्याचं ‘कार्ट्रिज’ गिअरमध्ये बसवायचं. सार्वजनिक सेवेवर कुणालाही तीन छोटे गिअर फुकट मिळत, प्रत्येकी 512 एमबी मेमरीचे.

फुकट म्हटल्यावर कोण येणार आणि काय चालवणार, याचा नेम नव्हता. एकाच मशीनवर एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचा कोड शेजारी शेजारी नांदायचा. म्हणून प्रत्येक गिअरला स्वतंत्र लिनक्स युजर, वर एसई-लिनक्सचं (लिनक्समधल्या कडक सुरक्षा-नियमांचं) लेबल आणि मेमरी-सीपीयूवर सीग्रुपची मर्यादा. रूट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. यातलं सीग्रुप गूगलच्या इंजिनिअरांनी लिहिलेलं, 2008च्या सुरुवातीला लिनक्स कर्नलमध्ये आलेलं. प्रोसेसला कप्प्यात बसवण्याची कल्पना मात्र बरीच जुनी: युनिक्सचं सीएचरूट 1979चं, फ्रीबीएसडीचं जेल 2000चं.

म्हणजे मार्च 2013मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या पायथन भाषेच्या परिषदेत पाचेक मिनिटांत डॉकर दाखवलं तेव्हा कप्पे नवे नव्हते. नवी होती ती इमेज: ॲप आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी एका गठ्ठ्यात, कुठेही नेऊन चालवता येणाऱ्या. पण डॉकरची इमेज, वेगळं काही सांगितलं नाही तर, रूट म्हणूनच चालते. स्वतःच्या लॅपटॉपवर त्याचं कुणाला काही वाटत नाही, त्यामुळे हजारो इमेज तशाच बनत गेल्या.

जून 2014मध्ये गूगलनं कुबरनेटीस खुलं केलं आणि रेड हॅटनं धाडसी निर्णय घेतला. रुबीत लिहिलेलं गिअर-कार्ट्रिजचं सगळं घर मोडून गो भाषेत, डॉकर आणि कुबरनेटीसवर नव्यानं बांधायचं. ही तिसरी आवृत्ती जून 2015मध्ये आली. कुबरनेटीसची 1.0 आली 21 जुलैला! पायाचं काम पुरं व्हायच्या आत वरचे फ्लॅट विकायला काढले होते.

घाईची किंमतही दिसते. कुबरनेटीसमध्ये तेव्हा नसलेल्या गोष्टी रेड हॅटला स्वतःच कराव्या लागल्या. बाहेरची रहदारी आत आणायला ‘राउट’, नवी आवृत्ती चढवायला ‘डिप्लॉयमेंट-कॉन्फिग’, कुणाला काय करता येईल हे ठरवायला रोलनुसार परवानग्या. परवानग्यांची ती रचना पुढे मूळ कुबरनेटीसमध्ये गेली. राउट आजही आहे. त्याच कामाचं कुबरनेटीसचं इनग्रेस स्थिर व्हायला 2020 उजाडलं. डिप्लॉयमेंट-कॉन्फिगला मात्र 2023मध्ये, 4.14 आवृत्तीत, निवृत्तीची नोटीस मिळाली. जुन्या यामल (सेटिंगच्या) फाइलींत ते अजून भेटतं.

घर मोडलं तरी राहण्याचा नियम तोच ठेवला. नवा प्रोजेक्ट काढला की त्याला युजर क्रमांकांची स्वतःची पट्टी मिळते, सहसा शंभर कोटींच्या पुढची, दहा हजारांची. इमेजमध्ये युजर कुणीही लिहिलेला असो, पॉड चालतो त्या पट्टीतल्या क्रमांकानं. त्या क्रमांकाच्या युजरला एन्जिनएक्सच्या कॅशमध्ये लिहायचा हक्क नसतो. ही परमिशन डिनाइड तिथून आली.

हा नियम जाचक आहे, पण फुकाचा नाही. 11 फेब्रुवारी 2019ला कंटेनर सुरू करणाऱ्या रनसी या प्रोग्राममधली एक त्रुटी उघड झाली: कंटेनरमध्ये रूट असलेली प्रोसेस थेट यजमान मशीनवरची रनसीची फाइलच बदलू शकत होती. म्हणजे एक पॉड फुटला की अख्खा सर्व्हर गेला. पॅच सगळ्यांनाच लावावा लागला. पण एसई-लिनक्स चालू ठेवलेल्या रेड हॅटच्या मशीनवर हा वार आधीच अडत होता, आणि रूट नसलेल्या कंटेनरला तो करताच येत नव्हता.

त्याच वर्षी ओपनशिफ्टची चौथी आवृत्ती आली. कोअरओएस ही कंपनी रेड हॅटनं 25 कोटी डॉलरला घेतल्यावर तिथून आलेले ऑपरेटर (सॉफ्टवेअर आपोआप सांभाळणारे प्रोग्राम) या आवृत्तीच्या गाभ्यात बसले, कंटेनर चालवायला डॉकरच्या जागी क्राय-ओ आलं. जुलैत आयबीएमनं 3,400 कोटी डॉलर मोजून रेड हॅटच घेतली. मालक बदलला, युजर क्रमांकांची पट्टी तशीच राहिली.

इमेज दुरुस्त करणं तसं अवघड नाही. पॉडचा युजर कुठलाही असला तरी त्याचा ग्रुप शून्य असतो. ज्या डिरेक्टरीत लिहायचं तिचा ग्रुप शून्य करायचा, ग्रुपला मालकाइतकेच हक्क द्यायचे आणि पोर्ट 80 सोडून रूट न लागणारा 8080 धरायचा. डॉकरफाइलमध्ये दोन-तीन ओळींचं काम. तरीही विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये आजही पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की सर्व्हिस अकाउंटला (पॉड ज्या खात्यानं चालतो त्याला) ‘एनी-यूआयडी’, म्हणजे रूटसकट कुठल्याही युजरनं चालायची मुभा, द्या. प्रॉडक्शनची तारीख डोक्यावर असते, ॲडमिन ते देऊन टाकतो, आणि पुढच्या ऑडिटपर्यंत कुणी विचारत नाही.