ओटिस, जेम्स

ओटिस, जेम्स : (५ फेब्रुवारी १७२५–२३ मे १७८३). अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स या ब्रिटिश वसाहतीतील वकील व राजकीय पुढारी. जन्म बार्नस्टेबल येथे. हार्वर्डमधून १७४३ मध्ये पदवी घेतल्यावर जेरिमाया ग्रिडलीच्या हाताखाली कायद्याचे शिक्षण घेऊन त्याने बॉस्टनमध्ये वकिली केली. इतिहासलेखिका मर्सी ओटिस वॉरन ही त्याची बहीण.

‘रिट्स ऑफ असिस्टन्स’च्या खटल्याने त्याचे नाव झाले. हे जकात अधिकाऱ्यांना मिळणारे झडतीचे सरसकट परवाने होते. त्यांत ना घराचे नाव असे, ना मालाचे. परवाना हाती असला की चोरट्या मालाच्या शोधात दिवसाउजेडी कोणाचेही घर किंवा गोदाम उघडायला लावता येई. राजाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी ते संपत. दुसरा जॉर्ज ऑक्टोबर १७६० मध्ये वारल्याने नवे परवाने मागितले गेले. ओटिस तेव्हा नाविक न्यायालयातील सरकारी वकील होता. ते पद सोडून तो बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. सरकारतर्फे उभा होता त्याचाच गुरू ग्रिडली. ओटिसच्या वडिलांना डावलून टॉमस हचिन्सनला मुख्य न्यायाधीश केल्याचा हा राग, असे हचिन्सनचे मत. रागाचा अंश असेलही. पण हातचे पद सोडण्यामागे तेवढेच कारण मानणे कठीण वाटते.

या खटल्यात ओटिसने फेब्रुवारी १७६१ मध्ये केलेल्या भाषणाची संहिता हा वादाचा विषय आहे. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, तेव्हा पंचविशीतला जॉन ॲडम्स तेथे हजर होता, पण त्याची त्या वेळची टिपणे त्रोटक आहेत. विस्तृत गोषवारा त्याने मागाहून तयार केला; तो १७७३ मध्ये वृत्तपत्रात छापला गेला. ‘स्वातंत्र्याचे बालक तेथेच जन्मले’ हे उद्गार तर ॲडम्सने ऐंशी उलटल्यावर पत्रात लिहिलेले. म्हणून त्रोटक टिपणांवर विसंबणे अधिक सुरक्षित. राज्यघटनेविरुद्ध केलेला कायदा रद्दबातल ठरतो, हा मुद्दा त्यांतही आढळतो. त्याला आधार इंग्लिश न्यायाधीश एडवर्ड कोकच्या बॉनम खटल्यातील (१६१०) मताचा. शपथेवर विशिष्ट जागेसाठी दिलेला झडतीहुकूम ओटिसला मान्य होता. आक्षेप सरसकटपणावर होता. हचिन्सनने इंग्लंडमधील प्रथेची चौकशी केली आणि नोव्हेंबरमधील फेरसुनावणीनंतर परवाने मंजूर झाले.

मे १७६१ मध्ये ओटिस विधिमंडळावर निवडून आला. १७६४ च्या पुस्तिकेत त्याने गोऱ्या-काळ्या सर्व वसाहतवासीयांना जन्मतः स्वतंत्र म्हटले. ब्रिटिश मुद्रांक कराच्या विरोधात भरलेल्या वसाहतींच्या स्टॅम्प ॲक्ट काँग्रेसला (१७६५) तो प्रतिनिधी होता.

सप्टेंबर १७६९ मध्ये एका कॉफीगृहात जकात आयुक्त जॉन रॉबिन्सनशी झालेल्या मारामारीत त्याच्या डोक्याला खोल जखम झाली. मनाचा तोल आधीपासून ढळत होता. त्यानंतर तो फारसा सावरला नाही. न्यायालयाने देऊ केलेली २,००० पौंडांची भरपाई त्याने रॉबिन्सनने माफी मागितल्यावर सोडून दिली. अँडोव्हर येथे दारात उभा असताना वीज पडून तो मरण पावला.